बस किती मिनिटांनी येते, ते विचारा : मुंबईच्या २२७ नगरसेवकांना खुले पत्र

सन्माननीय नगरसेविका आणि नगरसेवक,

सप्रेम नमस्कार.

गुलाल उधळून झाला, सत्कार झाले, फ्लेक्सही बहुतेक उतरले. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये तुम्ही निवडून आलात. मधली जवळजवळ चार वर्षं पालिकेवर प्रशासक होते आणि शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्टवर देखरेख ठेवणारी बेस्ट समिती नावालाही नव्हती. मुंबईच्या बसबद्दल सभागृहात उभं राहून जाब विचारेल असं कुणी उरलं नव्हतं. नेमक्या याच काळात बेस्टच्या स्वतःच्या गाड्या भराभर भंगारात निघाल्या, किमान भाडं दुप्पट झालं आणि ठेकेदार मध्येच काम टाकून निघून गेले. हे पत्र महाव्यवस्थापकांनाही लिहिता आलं असतं. पण त्यांची बदली होते. तुम्हाला पाच वर्षं त्याच प्रभागातून, त्याच स्टॉपसमोरून जायचं आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्ट कामगारांच्या पतपेढीची निवडणूक झाली तेव्हा कुणाचं पॅनेल आलं, कुणाला भोपळा मिळाला, यावर वाहिन्यांवर दोन-दोन दिवस चर्चा रंगल्या. त्यातली पाच मिनिटं बसच्या वाट्याला आली असती तर बरं झालं असतं.

माझं मागणं एकच आहे. बेस्टचा विषय निघाला की तुमच्यापुढे किलोमीटर, उत्पन्न, तूट, प्रवासीसंख्या अशा आकड्यांची चळत येईल. ती जरा बाजूला सारा आणि आधी एवढंच विचारा : माझ्या प्रभागातल्या स्टॉपवर बस प्रत्यक्षात किती मिनिटांनी येते? वेळापत्रकातला आकडा नको, रस्त्यावरचा हवा. साधा वाटणारा हा प्रश्न आज कुणीच कुणाला विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ठेवण्याची जबाबदारीच कुणावर नाही.

भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचं कसं चालतं ते बघा. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, तिकिटाचे पैसे बेस्टचे, आणि ठेकेदाराला बिल मिळतं किलोमीटरवर. गाडी भरून गेली काय, रिकामी गेली काय, दोन गाड्या एकमेकींना चिकटून गेल्या काय, किलोमीटर तेवढेच. बेस्ट उत्पन्न आणि तूट मोजते. पालिका अनुदान मोजते. वाहतूक पोलीस चलनं मोजतात. स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईची पंचवीस मिनिटं कोणत्याच वहीत चढत नाहीत. आणि सगळं ठरतं ते त्या पंचवीस मिनिटांवर. पंधराव्या मिनिटाला ती शेअर रिक्षात बसते, महिन्याभरात तिला रिक्षाचीच सवय लागते. वर्षअखेरीला त्या मार्गाचं उत्पन्न घटलेलं दिसतं, म्हणून दोन गाड्या काढून घेतल्या जातात. पंचवीसची चाळीस मिनिटं होतात. मग मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव येतो आणि फाइलवर शेरा पडतो : प्रवाशांचा प्रतिसाद नाही.

थोडं गणित मांडतो. समजा एका मार्गावर जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि त्यावर बारा गाड्या आहेत. दर दहा मिनिटांनी बस मिळेल. आता रस्त्याचं काँक्रिटीकरण, मेट्रोचे पत्रे, दुतर्फा पार्किंग असं सगळं जमून आलं आणि तीच फेरी तीन तासांवर गेली. गाड्या त्याच बारा, पण बस आता पंधरा मिनिटांनी येणार. दहा मिनिटं राखायची तर अठरा गाड्या लागतील, शिवाय दोन्ही पाळ्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. कोंडी केली मोटारींनी, पण तिचा भुर्दंड पडला बसच्या खात्यात. वर पुन्हा बेस्टची कार्यक्षमता घसरली म्हणून आपणच ओरडणार.

अर्धा तास एकही गाडी नाही आणि मग तीन गाड्या ओळीने, हा प्रकार ड्रायव्हरांच्या आळशीपणातून होतो असा अनेकांचा समज आहे. तसं नसतं. पुढची गाडी कोंडीत थोडी मागे पडली की तिच्या वाटेतल्या स्टॉपवर जास्त माणसं साचतात. ती चढ-उतार करताना ती आणखी रखडते. मागच्या गाडीला स्टॉपवर माणसंच उरत नाहीत, ती सुसाट येऊन पुढचीला गाठते. याला एकच उपाय, मधे कुणीतरी मागच्या गाडीला रोखून धरणं. टर्मिनसच्या चौकीत स्टार्टर असतो तो यासाठीच. गाडी कधी सोडायची आणि कधी दोन मिनिटं थांबवायची हे तो ठरवतो. आता तर गाड्यांत जीपीएस आहे, चलो ॲपवर गाडी नकाशावर सरकताना दिसते. म्हणजेच कोणत्या स्टॉपवर कोणती गाडी किती वाजता पोचली, याची नोंद होतेच आहे. तिचा प्रभागवार तक्ता दर महिन्याला काढून जाहीर करायला नवी गाडी लागत नाही, निविदा लागत नाही, कोट्यवधीही लागत नाहीत. तुम्ही मागितला तर मिळेल. न मागितल्यास कुणी आपणहून देणार नाही, एवढं प्रशासन तुम्हीही ओळखता.

गाड्याच पुरेशा नाहीत, हेही खरं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाचा मापदंड दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असा आहे, म्हणजे लाखाला साठ. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी २४ लाख होती. ती तेवढीच धरली तरी ७,४०० गाड्या होतात. बेस्टकडे २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. आज स्वतःच्या आणि भाड्याच्या धरून आपण तीन हजारांभोवती घुटमळतो आहोत आणि त्यात बेस्टच्या मालकीच्या गाड्या हजाराच्या बऱ्याच खाली गेल्या आहेत. बंगळुरूकडे, जिथे उपनगरी लोकलचं आपल्यासारखं जाळं नाही हे मान्य, सहा हजारांहून जास्त बस आहेत.

जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवस संप केला. त्यानंतर जूनमध्ये संघटनेशी करार झाला. भाडेतत्त्वावर गाड्या घ्यायला संघटनेने वाट मोकळी करून दिली आणि बदल्यात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राखायचा असं ठरलं. तो आकडा कागदावरच राहिला. जुन्या गाड्या वयोमान संपून निघत गेल्या, त्यांच्या जागी बेस्टने स्वतः जवळपास काही विकत घेतलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची डिझेल डबलडेकर निघाली तेव्हा हार घालायला, सेल्फी काढायला मोठी गर्दी झाली होती. तिच्या आधी शेकड्यांनी एकमजली गाड्या गेल्या, त्यांना कुणी हार घातले नाहीत.

त्याच २०१९ च्या जुलैत एक चांगलं कामही झालं होतं, ते सांगायला हवं. किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपये झालं आणि प्रवासी लाखांनी वाढले. मुंबईकराला बस नको आहे, हे म्हणणं तेव्हाच खोटं ठरलं. पण वाढलेल्या प्रवाशांसाठी गाड्या वाढल्या नाहीत. मग करोना आला. लोकल सर्वांसाठी बंद असताना परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांना कामावर पोचवलं ते बेस्टने, आणि त्या धावपळीत बेस्टचे कित्येक कामगार दगावले. ९ मे २०२५ पासून किमान भाडं पाचाचं दहा झालं, वातानुकूलितचं सहाचं बारा.

दहा रुपये म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हिशेब. मानखुर्द किंवा गोवंडीच्या शिवाजीनगरातून घरकामाला निघणाऱ्या बाईला थेट बस क्वचितच असते. जाताना दोन, येताना दोन. पूर्वी दिवसाला वीस रुपये लागायचे, आता चाळीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२० चे १,०४० झाले. आणि तिला दोन गाड्यांची, दोन स्टॉपवर वाट पाहायची आहे. भाडं दुप्पट होताना वाट पाहणं निम्मं झालं असतं, तर मी तक्रार केली नसती. राज्य सरकार मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्म्या दरात प्रवास देतं. मुंबईतल्या बाईने बेस्टमध्ये पूर्ण भाडं का द्यायचं, हा प्रश्न सभागृहात कुणीतरी विचारावा. नगरसेविकांची संख्या काही कमी नाही.

आता ठेकेदारीबद्दल. मी तत्त्वाला चिकटून बसणारा नाही. नव्या इलेक्ट्रिक गाड्या बसायला छान आहेत, धूर नाही, खडखडाट नाही, मेच्या दुपारी आत पाऊल टाकलं की जीव थंड होतो. आणि बेस्टची स्वतःची खरेदी म्हणजे सोनं, असंही नाही. जांभळ्या रंगाच्या त्या एसी गाड्या आठवत असतील. सतत बंद पडायच्या, चालवायला महाग, अखेर २०१७ मध्ये गुंडाळल्या. तेव्हा खासगी वाईट आणि सरकारी चांगलं, इतकं सोपं नाही. पण ठेकेदाराला काम परवडेनासं झालं की तो निघून जातो. गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक ठेकेदारांनी असा काढता पाय घेतला आणि एका फटक्यात शेकडो गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला आणि शहराची बससेवा काही दिवस लुळी पडली. एकाच डेपोतून, एकाच मार्गावर, तेवढेच तास गाडी चालवणाऱ्या दोन ड्रायव्हरांच्या पगारात मोठी तफावत असेल तर दुसरं काय होणार?

९ डिसेंबर २०२४ ची रात्र तुम्ही विसरला नसाल. कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ क्रमांकाची इलेक्ट्रिक बस माणसांत आणि वाहनांत घुसली. माणसं गेली. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल, मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न प्रशिक्षणाचा आहे. क्लच-गिअरची छोटी गाडी चालवलेल्या माणसाला बारा मीटरची, ॲक्सिलरेटरला पाय लागताच उसळणारी इलेक्ट्रिक गाडी देण्याआधी किती दिवस शिकवायचं, आणि ते शिकवणं कुणी तपासायचं? गाडी ठेकेदाराची असली तरी तिच्यावर बेस्टचं नाव असतं. प्रवासी ते नाव वाचून चढतो.

पैसे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न तुमच्या ओठांवर असेल. बेस्ट शहर भागात वीजही पुरवते. पूर्वी त्या वीजग्राहकांच्या बिलातून बसची तूट भरून निघायची. वीज नियामक आयोगाच्या राज्यात ती सोय संपली. तेव्हापासून बेस्ट पालिकेच्या दारात ओंजळ घेऊन उभी असते. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यातून बेस्टला दिले १,००० कोटी, म्हणजे शंभरातले एक रुपया चौतीस पैसे. सागरी किनारा रस्त्याच्या साडेदहा किलोमीटरवर याच पालिकेने सुमारे १४,००० कोटी घातले. तो रस्ता पैसे परत कधी करणार, असं विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या मूळ अर्थसंकल्पात विलीन करा, ही २०१९ च्या संपातली मुख्य मागणी होती. ती कामगारांची म्हणून बाजूला पडली. खरं तर ती प्रवाशांची मागणी व्हायला हवी होती. दर वर्षी अनुदान मिळेल की नाही या धाकात राहणारी संस्था दहा वर्षं चालणारी गाडी विकत कशी घेईल? निवृत्तांची ग्रॅच्युइटी थकते आहे तीही याच ओढाताणीत.

पैशांचा विषय निघाला की डेपोच्या जमिनींकडे बोट दाखवलं जातं. बेस्टचे २७ डेपो आहेत, बहुतेक मोक्याच्या जागी. विकासकांना देऊन पैसा उभारायचा प्रयोग माहीम, कुर्ला इथे आधीच झाला आहे. त्यातून हाती काय आलं आणि किती थकलं, ती फाइल आधी मागवा. मला यात एक वेगळीच भीती वाटते. इलेक्ट्रिक गाडी रात्री डेपोत उभी राहून चार्ज व्हावी लागते. डिझेलची गाडी निदान रस्त्याच्या कडेला रात्र काढू शकत होती. टॉवरच्या पोटात चिंचोळा डेपो उरला तर उद्या सहा-सात हजार गाड्या चार्ज कुठे करणार? आणि डेपो लांब गेला की गाडी पहिल्या स्टॉपवर पोचेपर्यंतच रिकामी धाव वाढते. त्या रिकाम्या किलोमीटरचेही पैसे मोजावे लागतात, प्रवासी मात्र एकही मिळत नाही.

आता जे पूर्णपणे तुमच्या हातात आहे, त्याकडे येतो. कुठल्याही मोठ्या स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजता जाऊन उभे राहा. स्टॉपच्या खांबाला लागून रिक्षांची रांग, तिच्या पलीकडे दुचाक्या, मधे भुर्जीची गाडी. बस कडेला येऊच शकत नाही, ती दुसऱ्या लेनमध्ये थांबते. मग स्टॉपवरची माणसं रिक्षांच्या फटीतून रस्त्यात उतरतात. फुटपाथवरून चढायची म्हणून गाडीची पायरी खाली केलेली असते. रस्त्यावरून ती पुन्हा फूटभर वर जाते. साठीतली बाई आधी हातातली पिशवी आत ठेवते, मग दांडा धरते, मग मागचा कुणीतरी तिला हात देतो. मागून दुचाकीवाला हॉर्न वाजवत डावीकडून घुसतो. एका स्टॉपवर असं मिनिटभर जादा गेलं आणि मार्गावर चाळीस स्टॉप असले, तर चाळीस मिनिटं कुठे गेली ते शोधायला तज्ज्ञ समिती कशाला हवी? मागचं गणित आठवा. स्टॉपच्या पुढे-मागे बसच्या लांबीएवढी जागा मोकळी ठेवणं हे वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक चौकीचं काम आहे. तिथे नगरसेवकाच्या फोनला वजन असतं. ते वजन रिक्षा स्टँडच्या बाजूने पडतं की बसच्या, हे आम्ही पाहतोच.

बसला स्वतंत्र मार्गिका द्या असं म्हटलं की मुंबईचे रस्ते अरुंद आहेत असं उत्तर येतं. अरुंद आहेत, मान्य. म्हणूनच एका माणसाची मोटार आणि पन्नास माणसांची बस यांत जागा कुणाला आधी द्यायची ते ठरवायला हवं. सगळीकडे नको, जिथे सिग्नलला बस सर्वांत जास्त अडकते ती दोन-तीनशे मीटर सकाळ-संध्याकाळ मोकळी करून पाहा.

मेट्रोचंही तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण झाली, उत्तम झालं. पण स्टेशनातून वर आल्यावर पुढच्या दीड-दोन किलोमीटरला पाच मिनिटांत बस नसेल, तर तो प्रवासी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुचाकीला किक मारतो. ही फीडर बस मोठी असायची गरज नाही, तिने वारंवार यायला हवं.

तर बेस्ट समितीच्या पहिल्याच काही बैठकांत एवढं करून घ्या. प्रत्येक प्रभागातल्या मुख्य स्टॉपवर दोन गाड्यांमधलं प्रत्यक्ष अंतर, मिनिटांत, दर महिन्याला जाहीर करा. ठेकेदाराच्या बिलात नुसते किलोमीटर न धरता गाडी ठरलेल्या अंतराने आली का, तेही धरा आणि त्यावर पैसे कापा. ड्रायव्हर ठेकेदाराचा असो की बेस्टचा, प्रशिक्षण आणि परवानगी बेस्टचीच असू द्या. स्वतःच्या गाड्यांची खरेदी पाच वर्षांत वाटून मूळ अर्थसंकल्पात लिहा. वर्दळीच्या वेळी दहा मिनिटं हे उद्दिष्ट ठरवा. आधी पंधरा जमलं तरी लोक समजून घेतील, पण ते लेखी असू द्या.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली बस धावली. म्हणजे हे शताब्दीचं वर्ष. कार्यक्रम होणार, कॉफीटेबल पुस्तक निघणार, फुलांनी मढवलेल्या गाडीतून मान्यवर फेरफटका मारणार. खुशाल मारा. फक्त त्यासाठी रूटवर लागलेली गाडी काढून नेऊ नका. या पत्राला उत्तर आलं नाही तरी चालेल. समितीच्या बैठकीत कुणी मिनिटांचा तो तक्ता मागितला का, ते मी इतिवृत्तात पाहीन.

आपला,
एक नियमित प्रवासी
चेंबूर, मुंबई